बॅकअप घेतलाय, पण आहे कुठं?

बालमित्रांनो, १४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख तुमच्या इतिहासाच्या पुस्तकात सापडायची नाही. पण संगणकांच्या जगात तो मोठा दिवस होता. त्या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीनं विंडोज १० या ऑपरेटिंग सिस्टिमची नेहमीची देखभाल थांबवली. विंडोज १० आली होती २०१५ साली, म्हणजे ती आपल्या चौथी-पाचवीतल्या मुलांच्या वयाची झाली होती! मग ज्यांच्या संगणकाला झेपण्यासारखं होतं, त्यांच्यापैकी पुष्कळांनी आहे त्याच संगणकावर विंडोज ११ चढवली.

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा कारभारी. कुठल्या प्रोग्रॅमला कधी काम करू द्यायचं, कुणाला कुठलं कपाट उघडू द्यायचं, प्रिंटर आधी कुणाला द्यायचा, हे सगळं तो बघतो. हा कारभारी बदलायचा, तर बराच वेळ पडद्यावर टक्के वाढत राहतात, संगणक आपला आपणच दोन-तीनदा बंद-चालू होतो, आणि मग एकदम नवं रूप समोर येतं. तळाची चित्रं मधोमध आलेली, चौकटींचे कोपरे गोल झालेले. फोटो जागच्या जागी, गाणी जागच्या जागी. घरात सगळे खूश!

पण एक गोष्ट सहसा कुणी बघत नाही. संगणकाला वायरीनं जोडलेली ती छोटी काळी डिस्क आहे ना, जिच्यात आपल्या फायलींची प्रत आपोआप जाते? ती प्रत अजून जातेय का?

प्रत म्हणजेच बॅकअप. आपल्या घराची एक किल्ली शेजारच्या काकूंकडे असते, तसंच हे. घरची हरवली, तर काकूंकडची कामाला येते. फरक इतकाच, की घरात रोज काही ना काही नवं येतं, म्हणून बॅकअपही रोज नवा व्हावा लागतो. आणि हे काम माणसाच्या आठवणीवर सोडलं, तर दुसऱ्या आठवड्यातच बुडतं. म्हणून त्यासाठी प्रोग्रॅम असतो.

समजा, तुमच्या आजीनं जात्यावर बसून ओव्या म्हटल्या आणि बाबांनी त्या फोनवर टिपून घेतल्या. मग त्या संगणकात ठेवल्या. पुढं फोन जुना झाला, विकला. आता आजीही नाही. एक दिवस संगणकाची हार्ड डिस्क करकरली आणि बंद पडली. नवी हार्ड डिस्क दुकानात मिळते. ओव्या कुठल्या दुकानात मिळणार? बाबा म्हणतात, “घाबरू नका, बॅकअप आहे.” काळी डिस्क उघडतात, तर शेवटची प्रत त्याच दिवशीची, ज्या दिवशी नवी विंडोज चढवली. ओव्या त्यानंतर महिन्यानं टिपलेल्या.

असं कसं झालं? प्रोग्रॅम तर होता!

यासाठी आपण दूधवाल्या काकांकडे जाऊ. काका वर्षानुवर्षं पहाटे येतात, दारात पिशवी ठेवतात, जातात. आपण त्यांना क्वचितच पाहतो. आता तुमची चाळ पाडून तिथं इमारत झाली. फाटक नवं, वॉचमन नवा, खोल्यांचे नंबर नवे. काका आले, त्यांना जुना नंबर सापडेना, ते परत गेले. दुधाचं बरं असतं, सकाळी चहाच्या वेळी सगळ्यांना कळतं! बॅकअपचा चहा मात्र कधीतरी, तीन-चार वर्षांतून एकदाच लागतो. तोवर काका येत नाहीत हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

ऑपरेटिंग सिस्टिम बदलते तेव्हा नेमकं हेच होतं. सगळ्यात साधी भानगड नंबराची. विंडोज प्रत्येक डिस्कला एक अक्षर देते: सी, डी, ई. काही बॅकअप प्रोग्रॅम एवढंच लक्षात ठेवतात, की ‘प्रत ई डिस्कवर टाकायची’. नव्या कारभाऱ्यानं अक्षरं पुन्हा वाटली आणि काळ्या डिस्कच्या वाट्याला एफ आलं, की झालं! प्रोग्रॅम ई शोधत बसतो. याला उपाय सोपा आहे. विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट नावाची जागा आहे, तिथं अक्षर बदलून पुन्हा ई करता येतं. मात्र हे मोठ्यांनीच करावं. त्या यादीत अक्षर बदलण्याच्या ओळीखालीच ‘फॉरमॅट’ची ओळ असते, आणि तिथं बोट घसरलं तर जुना बॅकअपही पुसला जायचा.

वॉचमनची भानगड जरा वेगळी. नवा वॉचमन जुन्यापेक्षा कडक असतो, आणि ते आपल्या भल्यासाठीच असतं. ॲपल कंपनीच्या मॅक संगणकावर २०१८ साली मोहावी नावाची आवृत्ती आली. तिच्यात असा नियम आला, की मालकानं ‘पूर्ण डिस्क बघायची परवानगी’ दिल्याशिवाय कुठल्याही प्रोग्रॅमला पत्रव्यवहारासारख्या काही खासगी जागा दिसणार नाहीत. बाहेरून घेतलेले बॅकअप प्रोग्रॅमही त्यात आले. म्हणजे बॅकअप होत राहतो, पण त्यात काही खोल्याच नसतात! विंडोज ११ ची २०२४ साली जी सुधारित आवृत्ती आली, तिनं नेटवर्कवरच्या डिस्ककडं डिजिटल सही मागायचा नियम आणखी कडक केला. ज्या जुन्या पेट्यांना सही येत नव्हती, त्यांना दार बंद. आठवडाभर सगळे म्हणत बसतात, पेटी बिघडली. पेटी ठणठणीत असते.

आणि कधी कधी तर काकांनाच निवृत्त केलेलं असतं. २००१ सालच्या विंडोज एक्सपीबरोबर एनटीबॅकअप नावाचा प्रोग्रॅम येई. लोकांनी वर्षानुवर्षं त्यात बॅकअप घेतले. २००७ साली विंडोज व्हिस्टा बाजारात आली, तिच्यात हा प्रोग्रॅम नव्हताच. बॅकअपच्या फायली होत्या, डिस्क होती, पण उघडायला किल्ली नाही! अखेर त्या जुन्या फायली उघडण्यापुरता एक छोटा प्रोग्रॅम मायक्रोसॉफ्टला वेगळा द्यावा लागला. म्हणून माझं मत असं, की जो बॅकअप साध्या फायलींच्या रूपात राहतो, जो कुठल्याही संगणकावर नुसतं उघडून बघता येतो, तो घरासाठी उत्तम. एकाच मोठ्या बंद पेटीत सगळं कोंबणारे प्रोग्रॅम चांगले असतात, पण त्यांची किल्लीही जपावी लागते.

आता एक कोडं. काळ्या डिस्कवर ५०० जीबी जागा रिकामी आहे. संगणकाच्या पोटातही पुष्कळ जागा आहे. तरी विंडोज आणल्यावर बॅकअपचा प्रोग्रॅम म्हणतो, ‘पुरेशी जागा नाही’, आणि खाली एक लांबलचक आकडा: ०एक्स८०७८०११९. खोटं बोलतोय का? नाही! संगणकाच्या पोटातली डिस्क अनेक भागांत वाटलेली असते. त्यातले एक-दोन भाग इतके छोटे, की ते आपल्याला दिसतही नाहीत. विंडोज बिघडली तर तिला उठवायचं सामान तिथं ठेवलेलं असतं. संपूर्ण संगणकाची प्रत काढताना विंडोज आधी प्रत्येक भागाचा जणू एक फोटो काढून घेते, म्हणजे काम चालू असताना फायली बदलल्या तरी प्रत गोंधळत नाही. याला शॅडो कॉपी म्हणतात. हा फोटो काढायला त्या त्या भागातच थोडी मोकळी जागा लागते: भाग ५०० एमबीपेक्षा लहान असेल तर निदान ५० एमबी, मोठा असेल तर निदान ३२० एमबी. नव्या आवृत्तीबरोबर ते उठवायचं सामानही वाढतं, छोटी खोली गच्च भरते, आणि सगळा बॅकअप तिथं अडतो. बाहेर मैदान मोकळं, पण माळ्यावर पाय ठेवायला जागा नाही!

पालकांनो, ही खोली वाढवणं जाणकाराचं काम आहे, घरी प्रयोग करू नका. शिवाय संपूर्ण संगणकाची प्रत काढणारी विंडोजची ही जुनी सोय मायक्रोसॉफ्टनं २०१७ सालीच ‘यापुढे वाढवणार नाही’ अशा यादीत टाकली आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये तिच्या नावापुढं अजून ‘विंडोज ७’ असं लिहिलेलं असतं, यावरून काय ते समजा. घरच्या फोटोंसाठी आणि मुलांच्या कामासाठी फाइल हिस्टरी ही दुसरी सोय पुरते. तिच्याकडे आपण पुढं येऊच.

तुम्ही म्हणाल, हे सगळं आपल्यासारख्या घरच्या लोकांचं. मोठ्या कंपन्यांत असं होत नसेल. मग ऐका.

गिटलॅब नावाची एक कंपनी आहे. जगभरचे प्रोग्रॅमर आपली कामं तिच्याकडे ठेवतात. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथला एक इंजिनिअर उशिरापर्यंत एक बिघाड काढत बसला होता. आपल्याकडे तेव्हा १ फेब्रुवारीची पहाट व्हायची होती. त्यानं एक फोल्डर पुसायची आज्ञा दिली. त्याला वाटलं, आपण राखीव संगणकावर आहोत. होता तो मुख्य संगणकावर! एक-दोन सेकंदांत त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं आज्ञा थांबवली. तोवर सुमारे ३०० जीबींपैकी जेमतेम साडेचार जीबी उरले होते.

ठीक आहे, रोजचा बॅकअप आहे की! त्यांनी बॅकअपची तिजोरी उघडली. रिकामी.

कारण काय होतं ठाऊक आहे? माहिती साठवणारा त्यांचा प्रोग्रॅम होता ९.६ या आवृत्तीचा. बॅकअप घेणारं अवजार मात्र चालत होतं ९.२ चं. नव्या आवृत्तीची माहिती जुन्या अवजाराला उचलताच येत नव्हती. ते रोज यायचं, ‘जमत नाही’ म्हणायचं आणि परत जायचं. आपले दूधवाले काकाच! बरं, ‘बॅकअप झाला नाही’ अशी सूचना ई-मेलनं जाण्याची व्यवस्थाही होती. पण त्या ई-मेलवर योग्य खूण नसल्यामुळे टपालव्यवस्थाच त्या नाकारत होती. म्हणजे तक्रारही पोचत नव्हती.

वाचवलं कशानं? सुमारे सहा तास आधी एका इंजिनिअरनं दुसऱ्याच कामासाठी, हातानं, एक प्रत काढून ठेवली होती. ती होती म्हणून निभावलं. ती जागेवर आणायलाच सुमारे अठरा तास लागले, आणि त्या सहा तासांतलं काम गेलं ते गेलंच: सुमारे ५,००० प्रकल्पांतले बदल, तितक्याच टिपण्या, सातशेच्या आसपास नवी खाती. या कंपनीची एक गोष्ट मात्र मला फार आवडते. त्यांनी काही लपवलं नाही. दुरुस्ती चालू असताना यूट्यूबवरून ती सगळ्या जगाला दाखवली, आणि नंतर काय काय चुकलं ते सविस्तर लिहून प्रसिद्ध केलं. म्हणून तर आपल्याला हे कळतंय.

‘टॉय स्टोरी २’ तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल. तो १९९९ साली आला, पण त्याच्या आदल्या वर्षी, तयार होत असतानाच, तो जवळजवळ नाहीसा झाला होता. पिक्सार कंपनीत कुणीतरी चुकून पुसायची आज्ञा दिली आणि पडद्यावरून वूडीची टोपी गेली, मग बूट गेले, मग अख्खा वूडी! बॅकअप काढून बघतात, तर तो महिनाभर नीट होतच नव्हता. तिथं गॅलिन सुसमन नावाच्या तंत्रज्ञ बाई होत्या. त्यांना बाळ झालं होतं, म्हणून त्या घरून काम करायच्या आणि त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत होती. तो संगणक पांघरुणात गुंडाळून, गाडीत घालून, जपून स्टुडिओत आणला गेला. एका तान्ह्या बाळामुळे वूडी वाचला, म्हणा ना!

चला, आता आपल्या घरचे गुप्तहेर व्हा. शनिवारी दुपारी आई किंवा बाबांना संगणकाशेजारी बसवा.

गुप्तहेराला पहिल्यांदा दोन तारखा हव्यात. एक, नवी विंडोज कधी आली? सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात अबाउट. तिथं खाली ‘इन्स्टॉल्ड ऑन’ असं लिहून तारीख दिलेली असते. ती वहीत लिहा. दुसरी, शेवटचा बॅकअप कधी झाला? कंट्रोल पॅनेलमध्ये फाइल हिस्टरी उघडा. फायली शेवटच्या कधी उतरवल्या गेल्या, ते तिथं लिहिलेलं असतं. तीही वहीत. दोन्ही तारखा शेजारी शेजारी ठेवा. बॅकअपची तारीख आजची किंवा कालची असेल, तर छान. ती विंडोजच्या तारखेपाशीच थांबली असेल, तर चोर सापडला! आणि फाइल हिस्टरी ‘बंद’ असं दिसलं, तर नव्या घरात काकांना कुणी पत्ताच दिलेला नाही. डिस्क जोडा, ती निवडा, चालू करा.

तारीख बरोबर असली, तरी लगेच उठू नका. विंडोज १० मध्ये फाइल हिस्टरीला सेटिंग्जमधून हवं ते फोल्डर जोडून देता यायचं. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये ते पान राहिलं नाही. आता ती डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरावीक ठिकाणांकडेच बघते. ओव्यांचं फोल्डर डी डिस्कवर कुठंतरी कोपऱ्यात असेल, तर तिच्या यादीत ते नाही. ते आधी लायब्ररीत सामील करायला हवं, किंवा सरळ डॉक्युमेंट्समध्ये आणून ठेवायला हवं.

हेराचं आणखी एक पथ्य आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. वायर बदलली, अक्षर बदललं, प्रोग्रॅम काढून परत घातला, सगळं एका दमात केलं आणि बॅकअप सुरू झाला, तर नेमकं कशानं झाला हे कळणारच नाही. पुन्हा बंद पडला की पुन्हा अंधार. आकड्यातला किंवा इंग्रजीतला जो काही संदेश पडद्यावर येईल, तो घाईनं बंद करू नका. जसाच्या तसा वहीत उतरवून घ्या. आमच्या वर्गातल्या मुलांना मी फळ्यावरचं अचूक उतरवायला लावते तेव्हा ती कुरकुरतात, पण इथं एक आकडा चुकला तरी उत्तर भलतंच मिळतं.

काही घरांत नवी विंडोज आली की कुणीतरी उत्साहानं जुनी काळी डिस्क पुसून ‘स्वच्छ’ करतं. हे मुळीच होऊ देऊ नका! नवा बॅकअप चालतोय हे डोळ्यांनी दिसेपर्यंत जुना तसाच ठेवा, जमलं तर नवी डिस्क वेगळी घ्या. विंडोजसुद्धा आपली जुनी आवृत्ती दहा दिवस जपून ठेवते, म्हणजे नाहीच जमलं तर परत फिरता येतं. दहा दिवसांनी ती आपोआप पुसली जाते. तेव्हा तपासायचं ते पहिल्या आठवड्यातच.

“आमचं सगळं क्लाउडवर आहे,” असंही पुष्कळ पालक सांगतात. वनड्राइव्ह फुकटात ५ जीबी देतं, गुगल १५ जीबी. फोटो आणि व्हिडिओ असतील तर हे लवकर भरतं, आणि भरलं की पुढचं वर जायचं थांबतं. शिवाय ती दोन आरशांची जोडी असते. इकडची फाइल पुसली की तिकडचीही पुसली जाते. कचरापेटीत काही दिवस सापडते, कायमची नाही. क्लाउड जरूर वापरा, पण घरातली काळी डिस्क त्यामुळं सुटत नाही.

आता खरी परीक्षा. हिला आपण ‘चिमणी चाचणी’ म्हणू. डॉक्युमेंट्समध्ये एक छोटी फाइल करा, तिच्यात दोन ओळी लिहा आणि तिला मराठीत नाव द्या: ‘चिमणी’. मराठीत अशासाठी, की काही जुन्या प्रोग्रॅमना देवनागरी नावं झेपत नाहीत, ते नावाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं मांडून ठेवतात. मग फाइल हिस्टरीत ‘रन नाउ’ दाबा. एरवी ती दर तासाला आपणहून काम करते, पण आपल्याला घाई आहे. काम झालं, की आता बॅकअपमधून ‘चिमणी’ परत आणा. जुन्या जागी नको, वेगळ्या फोल्डरमध्ये. उघडा. तुमच्या दोन ओळी तिथं आहेत? मग तिच्या जोडीला एखादा जुना फोटो आणि एखादं गाणंही असंच परत आणून उघडून बघा. फायलीचं नुसतं नाव दिसणं वेगळं आणि फाइल उघडणं वेगळं.

चिमणी परत आली नाही, तरी निराश होऊ नका. ती आज आली नाही हे आज कळलं, आणि ओव्या अजून संगणकात आहेत! आजच त्या दुसऱ्या एका पेन ड्राइव्हवर हातानं उतरवून घ्या. मग निवांतपणे कारण शोधा. पेन ड्राइव्ह फॅट-३२ प्रकारचा असेल, तर ४ जीबीची किंवा तिच्याहून मोठी फाइल तो घेत नाही, एवढं लक्षात असू द्या. लग्नाचे लांबलचक व्हिडिओ इथंच अडकतात.

आणि हो, काळ्या डिस्कवरचं ‘फाइलहिस्टरी’ नावाचं फोल्डर उघडून आत शिरलात, तर तुमची चिमणी तिथं साध्या फाइलच्या रूपात बसलेली दिसेल. फक्त तिच्या नावापुढं कंसात तारीख आणि वेळ चिकटवलेली असेल. ती वेळ पाहून दचकू नका. तुमचं घड्याळ बरोबर आहे आणि संगणकाचंही! ती वेळ आपली नसते, यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढं असतो.

मग सांगा पाहू, चिमणीच्या नावापुढं ०४_४५ असं दिसलं, तर ती काळ्या डिस्कवर जाऊन बसली तेव्हा तुमच्या भिंतीवरच्या घड्याळात किती वाजले होते?